तलावांच्या मुलखात टाकीतले तळे

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातले प्रतापगड महाशिवरात्रीला माणसांनी फुलते. डोंगरावर महादेव, त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा, आणि जुन्या किल्ल्याचे अवशेष. यात्रा उतरली की मागे उरतात ते पाणी आणि धान. जवळच गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण आहे, थोड्या अंतरावर नवेगावबांधचा तलाव आहे, आणि अधल्यामधल्या गावांना आपापला तलाव, नाहीतर शेतातली बोडी, म्हणजे छोटे तळे, आहे. अशा मुलखात कुणी म्हणाले, की मी घरामागे टाकी ठेवून मासे पाळणार आणि त्यांच्या पाण्यावर पालक काढणार, तर मासेमारी करणाऱ्या धिवर समाजातला जाणता माणूस आधी हसेल. तलाव असताना टाकी कशाला?

प्रश्न रास्त आहे, आणि ॲक्वापोनिक्सवर मराठीत जे सांगितले जाते त्यात तो सहसा विचारलाच जात नाही. मासे आणि भाजी यांची ही जोडशेती म्हणजे कमी पाण्यात, कमी जागेत, मातीशिवाय सोन्याची खाण, असे चित्र रंगवले जाते. दुसऱ्या टोकाला, एकदा हात पोळलेले लोक तिला निव्वळ फसवणूक म्हणतात. दोन्ही बाजू तपासून, नवख्या माणसाने घरी काय करावे आणि काय टाळावे, याचा हा आढावा आहे. तो प्रतापगडच्या अंगाने घेण्याचे कारण साधे आहे. मासा आणि वनस्पती एकमेकांना कसे जगवतात, हे इथल्या तलावांनी ॲक्वापोनिक्स हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी आधी दाखवून ठेवले आहे.

नाव नवे, रीत जुनी

मृगाच्या पावसात तलावाचा सांडवा वाहू लागला की मासे उलट्या धारेने चढतात आणि धानाच्या बांध्यांत शिरतात. तिथे किडे, शेवाळ खाऊन वाढतात, त्यांची विष्ठा धानाला मिळते. चीनच्या दक्षिण भागात भातखाचरात मासे ठेवण्याची पद्धत सुमारे दोन हजार वर्षांची मानली जाते. तिथल्या छिंगथ्येन परगण्यातील भात-मासा शेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००५ मध्ये जागतिक कृषी वारसा म्हणून निवडले. अरुणाचल प्रदेशात झिरोच्या खोऱ्यातले अपातानी शेतकरी आजही भाताबरोबर मासे वाढवतात. मेक्सिकोत सरोवरातल्या गाळाची बेटे करून त्यांवर पीक घेण्याची चिनांपा पद्धत याच गोतातली.

आपल्याकडे या ज्ञानाचे कोठार म्हणजे मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने हजारो तलाव बांधले. नवेगावबांध तलावाच्या निर्मितीशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव परंपरेने जोडलेले आहे. १९५१ मध्ये मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारकडे गेले आणि लोकांच्या तोंडी 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, झाले. मालकी बदलली तशी देखभालही सैल पडली. गाळ साचला, काठावर बेशरमची झुडपे माजली, आणि रोहू, कटलासारख्या वेगाने वाढणाऱ्या माशांचे बीज सोडण्यावर भर आल्याने गावठी माशांच्या जाती मागे पडल्या.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात पुढे जे घडले ते ॲक्वापोनिक्स शिकणाऱ्याने मुद्दाम समजून घ्यावे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि मच्छीमार पतिराम तुमसरे यांनी धिवर समाजाबरोबर तलाव जिवंत करण्याचे काम केले. त्यांची सुरुवात माशांपासून झाली नाही. आधी बेशरम उपटली, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाची नांगरट केली, आणि पावसाळ्याच्या तोंडावर हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया यांसारख्या स्थानिक पाणवनस्पती लावल्या. वनस्पती रुजल्या तसे मासे आणि पक्षी परतू लागले. तळ्यात कोणता मासा टिकेल हे पाणी ठरवते, आणि पाण्याचा कस वनस्पती आणि गाळातले जीव राखतात. धिवरांना हे ठाऊकच होते. टाकीतल्या शेतीचा पहिला धडाही हाच.

आधुनिक ॲक्वापोनिक्स अमेरिकेत घडले. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या, केप कॉडवरच्या न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटमध्ये मासे आणि भाजी यांची सांगड घालण्याचे प्रयोग झाले. १९८०च्या दशकात उत्तर कॅरोलिना राज्य विद्यापीठात मार्क मॅकमर्ट्री यांनी माशांचे पाणी वाळूच्या वाफ्यांतून फिरवले. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकॉसी यांनी १९८० पासून तीन दशके काम करून तरंगत्या तराफ्यांची मोठी प्रणाली बसवली आणि माशांच्या खाद्याचे भाजीच्या क्षेत्राशी प्रमाण आकड्यांत मांडले. अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लहान प्रमाणावरील ॲक्वापोनिक्सवर सविस्तर तांत्रिक पुस्तिका काढली. घरगुती प्रणालीसाठी जगभर आज जे आकडे वापरले जातात, त्यांतले बरेचसे तिच्यातलेच. केरळात चेराई परिसरात पळ्ळिप्पुरम सहकारी बँकेच्या पुढाकाराने घरोघरी अशा टाक्या बसवण्याचा प्रयोग झाला. महाराष्ट्रात मात्र ही शेती अजून हौशी लोकांच्या गच्चीवर आणि मोजक्या शेतांवरच दिसते.

पाण्यात नेमके काय घडते

मासा खातो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. अमोनिया विषारी असतो. नायट्रोसोमोनास गटातले जिवाणू त्याचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. नायट्रोस्पायरा, नायट्रोबॅक्टर हे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. ते माशाला बरेच सोसते आणि भाजीला हवेच असते. मासा, जिवाणू आणि भाजी अशी ही त्रिकुटाची गिरणी आहे. यातले जिवाणू डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून नवखा माणूस त्यांना विसरतो आणि पहिल्याच महिन्यात मासे गमावतो.

खाद्याचा हिशेब करून पाहा. ३२ टक्के प्रथिने असलेल्या १०० ग्रॅम खाद्यात साधारण ५ ग्रॅम नत्र असते. त्यातला पाव ते तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो, बाकीचे पाण्यात येते. म्हणजे टाकीत आपण खाद्य टाकत असलो तरी भाजीच्या दृष्टीने ते खतच आहे. खाद्य किती घालतो यावर भाजी किती येणार हे ठरते. पालेभाजीच्या एका चौरस मीटरला रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य आणि फळभाजीला ५० ते ८० ग्रॅम, असे रूढ प्रमाण आहे.

यात आपल्या हवामानाची एक मेख आहे. सामू (पीएच) ७ आणि तापमान ३० अंश असताना पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहून कमी भाग माशाला मारक रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग सात टक्क्यांच्या पुढे जातो. अमोनियाचे प्रमाण तेवढेच, पण विषाची धार जवळपास दहापट. उन्हाने तापलेले पाणी प्राणवायूही कमी धरते. २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सात. तो पाच मिलिग्रॅमच्या खाली जाऊ नये, असा दंडक आहे. गोंदियाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, हे लक्षात घेतले की थंड देशांच्या चित्रफिती पाहून बांधलेली टाकी इथे मे महिन्यात का फसते, ते कळते.

सामू किती ठेवायचा, यावर तिघांचे एकमत नाही. जिवाणूंना तो साडेसातच्या आसपास आवडतो, भाजीला साडेसहाच्या आसपास, मासे दोन्हींत निभावतात. म्हणून ६.८ ते ७.२ अशी तडजोड करतात. जिवाणूंच्या कामामुळे सामू हळूहळू उतरत जातो. तेव्हा शिंपल्यांचा चुरा फडक्यात बांधून टाकीत सोडायचा.

तीन बांधण्या, त्यांतली एक आपली

घरगुती प्रणालीचे तीन प्रकार आहेत. पहिल्यात गिट्टीचा वाफा असतो. टाकीतले पाणी पंपाने वाफ्यात चढते आणि पुन्हा टाकीत उतरते. दुसऱ्यात भाजीची रोपे थर्मोकोलच्या तराफ्यावर बसवून मुळे पाण्यात लोंबती ठेवतात. तिसऱ्यात आडव्या पाइपांतून पाण्याची पातळ धार वाहते. चित्रात सर्वांत देखणे दिसतात ते पाइप. पण पाइप असोत की तराफे, माशांची घाण आधी वेगळी गाळून घ्यावी लागते, जिवाणूंसाठी निराळे भांडे लागते, आणि उन्हाळ्यात पाइपांतले पाणी तापून मुळे शिजतात. नवख्याने गिट्टीचाच वाफा घ्यावा. त्यात गाळणी, जिवाणूंचे घर आणि भाजीचा आधार तिन्ही एकाच ठिकाणी मिळतात, आणि थोडी चूक पोटात घालण्याची ताकदही त्यातच असते.

वाफा ३० सेंटिमीटर खोल हवा. गिट्टी ८ ते २० मिलिमीटरची, धुऊन धुऊन पाणी नितळ येईपर्यंत साफ केलेली. मुरूम घालू नये, तो विरघळून गाळ करतो. चुनखडीचा दगडही नको. ओळखण्याची खूण सोपी आहे: खड्यावर व्हिनेगर टाकावे, फेस आला तर तो दगड सामू चढवणार. पाणी वाफ्यात भरून झटकन उतरावे यासाठी घंटेच्या आकाराचा सायफन बसवतात. तो जमेपर्यंत पंपाला टायमर लावून १५ मिनिटे चालू, ४५ मिनिटे बंद असे ठेवले तरी काम भागते. पंप असा घ्यावा की तासाभरात टाकीइतके पाणी वर चढेल. ५०० लिटरच्या टाकीला खोक्यावर हजार लिटर लिहिलेला पंप घ्यावा, कारण पाणी जितके उंच चढवावे तितका पंपाचा जोर कमी होतो.

वजन मात्र आधी मोजावे. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो. दीड चौरस मीटरच्या वाफ्यातली गिट्टी सातशे किलोच्या घरात. वर वाफ्यातले पाणी. सगळे मिळून सव्वा टनाच्या पुढे जाते. शहरात गच्चीवर हा भार ठेवण्याआधी बांधकाम जाणणाऱ्याला विचारावे. प्रतापगडसारख्या गावात कवेलूच्या घरावर तो प्रश्नच येत नाही. इथे टाकीची जागा सांदवाडीत, सकाळचे ऊन मिळेल आणि दुपारी सावली पडेल अशी. टाकी जमिनीत अर्धी गाडली तर मे महिन्यात तिचे पाणी थंड राहते. ही सोय गच्चीवाल्याला नाही.

कोणता मासा, किती मासे

तलावात रोहू, कटला, मृगळ हेच मुख्य पीक, म्हणून लोक टाकीतही तेच सोडायला जातात. हे मासे मोठ्या पाण्याचे आहेत. टाकीत ते बुजतात, उड्या मारून बाहेर पडतात आणि वाढ खुंटते. तिलापिया हा जगभरच्या ॲक्वापोनिक्सचा लाडका मासा. उजनीकडे त्याला चिलापी म्हणतात. मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये भारतात आला, आणि तो इतर माशांना हटवतो हे दिसल्यावर १९५९ मध्ये त्याच्या प्रसारावर बंदी घालावी लागली. आज सुधारित तिलापियाला काही अटींवर परवानगी मिळते, पण ती घ्यावी लागते. तलावांच्या जाळ्यात राहणाऱ्याने तो टाळलेलाच बरा. पुरात टाकी ओसंडली आणि चार मासे बोडीत गेले, तर गावठी मासे परत आणण्यासाठी लोकांनी केलेली मेहनत वाया जायची. आफ्रिकी मागूर, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात, तो पाळायला देशात बंदी आहे. स्वस्त बीज म्हणून तो गळ्यात मारला जातो, तेवढे पाहावे.

आपल्या टाकीला शोभतात ते देशी मागूर आणि शिंगी. दोघांनाही थेट हवेतून श्वास घेता येतो. वीज गेली, पंप थांबला, तरी ते तग धरतात. विजेच्या लपंडावाच्या भागात हा गुण वाढीच्या वेगापेक्षा मोलाचा. त्यांचे दोष असे: रात्री चरतात, म्हणून खाद्य संध्याकाळी द्यावे लागते, आणि फट मिळाली की टाकीबाहेर सरपटतात, म्हणून वर घट्ट जाळी हवी. शिंगीचा काटा विषारी असतो, तिला हाताने धरू नये. ज्यांना खायचे नाहीत, त्यांनी गोल्डफिश किंवा रंगीत कोई कार्प पाळावेत. भाजीला मासा कोणत्या जातीचा याने फरक पडत नाही.

संख्येच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. हजार लिटरला २० किलो मासे ही अनुभवी माणसाची वरची मर्यादा आहे. नवख्याने तिच्या निम्म्यावर थांबावे. ५०० लिटरला काढणीच्या वेळी ५ किलो, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे ग्रॅमचे साधारण २५ मागूर. वजनाच्या दीड टक्का खाद्य धरले तर रोज ७५ ग्रॅम, आणि त्यावर दीड चौरस मीटर पालेभाजी.

इथे एक गोम आहे, जिच्यापायी पुष्कळ जण निराश होतात. हा हिशेब मोठ्या माशांचा आहे. सुरुवातीला बोटभर पिल्ले सोडली, दहा-दहा ग्रॅमची, तर पंचवीस मिळून पाव किलोच भरतात. ती दिवसाला दहा-बारा ग्रॅम खाद्य खातात आणि त्यावर फार तर पाव चौरस मीटर भाजी जगते. दीड मीटरचा पूर्ण वाफा पहिल्याच दिवशी लावला की पाने पिवळी पडतात आणि 'हे काही चालत नाही' असा निष्कर्ष निघतो. आधी वाफ्याचा एक कोपरा लावावा. मासे वाढतील तसा वाफा वाढवावा.

खाद्यासाठी धानाचा कोंडा आणि ढेप ही तलावातली जुनी जोडी. गोंदियाच्या राइस मिलमुळे कोंड्याला तोटा नाही. पण टाकीत कोंडा न खाता तळाशी बसतो आणि कुजतो. घरच्या टाकीला तरंगते गोळी खाद्यच बरे: वीस मिनिटांत संपेल तेवढे टाकावे, उरलेले जाळीने काढावे. शेजारी घमेल्यात ॲझोला वाढवला तर खाद्याला थोडा हातभार लागतो.

कोणती भाजी

वाफ्याच्या पहिल्या वर्षी पालक, लाल माठ, चवळई, अंबाडी, पुदिना, मायाळू. पाण्यातच वाढणारी नाळीची भाजी, छत्तीसगडात जिला करमत्ता म्हणतात, ती तर या पद्धतीसाठीच जन्मल्यासारखी वाढते. टोमॅटो, वांगी, मिरची यांना पालाश आणि चुना जास्त लागतो, तो माशांच्या खाद्यातून पुरेसा येत नाही. त्यांच्या वाटेला प्रणाली सहा-आठ महिन्यांची झाल्यावर जावे. गाजर, मुळा, कांदे गिट्टीत वेडेवाकडे होतात, ते मातीतच लावावेत. नवीन पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडले आहे. त्यासाठी चिलेटेड लोह मिळते, ते मोजून द्यावे.

कीड आली की हात आपोआप फवारणीच्या डब्याकडे जातो, आणि तिथेच घात होतो. भाजीवर मारलेले कीटकनाशक पाझरून टाकीत येते. निंबोळी तेलही पाण्यात उतरले तर माशांना बाधते. मावा पाण्याच्या धारेने धुवावा, अळी हाताने वेचावी, पान फार किडले तर खुडून टाकावे. ताजे शेण किंवा शेणखताचे पाणी या टाकीत कधीही घालू नये. भाजी कच्ची खायची तर चांगली धुवावी.

पहिले साठ दिवस

टाकी भरली त्याच संध्याकाळी मासे सोडणे, ही नवख्याची सर्वांत महाग चूक. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते एक-दोन दिवस उघडे ठेवून हवेने फिरवले की निघून जाते. बोअरचे पाणी जड असले तर त्यात पावसाचे पाणी मिसळावे. मग मासे नसलेल्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकून पंप चालू ठेवायचा. खाद्य कुजते, अमोनिया तयार होतो, जिवाणू येतात. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढते आणि उतरते, मग नायट्रेट दिसू लागते. याला आपल्या उबदार हवेत साधारण चार ते सहा आठवडे लागतात. कुणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्यातली मूठभर गिट्टी विरजणासारखी कामी येते. तलावातला गाळ मात्र आणू नये, त्याबरोबर रोगही येतात.

या काळात तपासणी संच हाच डोळा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू मोजण्याच्या थेंबांचा संच शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतो. पंपावर खर्च करून संच वाचवणारा माणूस आंधळेपणाने गाडी हाकतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही जवळजवळ शून्यावर आले की चार-पाच मासे सोडायचे, आठवडाभर पाहायचे, मग बाकीचे. पहिल्या दोन महिन्यांत दोन दिवसांआड मोजावे, पुढे आठवड्याला एकदा. वहीत तारीख, सामू, अमोनिया, खाद्य आणि मेलेले मासे लिहून ठेवावे. काही बिघडले की खाद्य बंद करावे आणि चौथा हिस्सा पाणी बदलावे. नव्वद टक्के दुखण्यांवर पहिला उपाय हाच आहे.

ऋतूंचे आपले वेळापत्रक असते. मेमध्ये टाकीवर हिरवी जाळी आणि दिवसरात्र हवेचा पंप. रोज एक ते तीन टक्के पाणी उडते, म्हणजे ५०० लिटरच्या टाकीत ५ ते १५ लिटर भर घालावी लागते. जुलैत उलट. या जिल्ह्यात वर्षाला साधारण १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्या टाकीत तो शिरला की पाणी पातळ होऊन सामू हलतो, म्हणून वरून आडोसा आणि ओसंडण्याच्या नळीला जाळी हवी. जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की मागूर खायचे जवळपास थांबवतो. तेव्हा नेहमीचे खाद्य टाकत राहिलो तर ते कुजून अमोनिया वाढवते. त्या दिवसांत मेथी, कोथिंबीर, पालक मात्र जोमात असतात. भाजी हवी आणि खाद्य कमी, अशी ती ओढाताण असते.

पैशाचे गणित

विजेचा हिशेब सोपा आहे. २० वॉटचा पंप आणि ५ वॉटचा हवेचा पंप दिवसरात्र चालले तर महिन्याला १८ युनिट. बिल फार नाही, पण वीज जाते तो वेळ महाग. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप टाकीबरोबरच घ्यावा, नंतर नव्हे. पाच किलो मागुरासाठी सात-आठ किलो खाद्य लागते आणि आठ-दहा महिने जातात. एवढ्या वाफ्यात आठवड्यातून एक-दोन वेळची पालेभाजी निघते. टाकी, गिट्टी, पाइप, पंप, संच यांचा खर्च या भाजी-मासळीतून भरून निघायला वर्षे लागतात. ही घरची हौस आहे, ताट सुधारण्याची सोय आहे, मुलांना निसर्ग शिकवण्याची शाळा आहे. धंदा नाही.

धंदा म्हणून करणाऱ्यांचीही कथा फार वेगळी नाही. व्यावसायिक ॲक्वापोनिक्सच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत २५७ उत्पादकांनी उत्तरे दिली होती. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार आदल्या वर्षभरात नफ्यात राहिलेले एक तृतीयांशापेक्षा कमी होते. ज्यांनी मासे-भाजीसोबत प्रशिक्षण, साहित्य, सल्ला विकला त्यांची गत बरी होती. त्यामुळे शिकवण्याची फी आणि 'माल आम्हीच परत घेऊ' अशी हमी ज्या जाहिरातीत शेजारी शेजारी असते, तिच्यापासून चार हात दूर राहावे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात पुनर्चक्रित पाण्यावरचे मत्स्यपालन आणि बायोफ्लॉक यांना सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमातींसाठी ६० टक्के साहाय्य ठरवले गेले. अनुदान मिळते म्हणून मोठे काढण्यापेक्षा आधी छोटे चालवून दाखवावे. शिकायचे असेल तर हिवऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र, नागपूरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय आणि मुंबईची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था या जागा जाहिरातींपेक्षा भरवशाच्या.

पाण्याच्या बचतीचा मुद्दाही तोलून पाहावा. मातीतल्या शेतीपेक्षा नव्वद टक्क्यांपर्यंत पाणी वाचते, असे सांगितले जाते. वाळवंटात, बेटावर, महानगराच्या गच्चीवर ती बचत निर्णायक ठरते. धानाच्या मुलखात पाण्यापेक्षा जमीन, हक्क आणि हाताशी ताजी भाजी यांची टंचाई अधिक. तलावातली मासेमारी सहकारी संस्थेच्या ठेक्यावर असते, शेत नसलेल्याला बोडीही नसते. सुरुवातीचा 'टाकी कशाला' हा प्रश्न ज्याच्या वाट्याला तलाव नाही त्याला लागूच पडत नाही. प्रतापगडजवळ १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. परक्या हवेत, परक्या मातीत घरे उभारून तिथल्या लोकांनी इथेच पिढ्या वाढवल्या. जागा बदलली की जगण्याची रीतही नव्याने बसवावी लागते, याचे उदाहरण शोधायला या पंचक्रोशीबाहेर जायला नको. गावातून गोंदिया-नागपूरला गेलेली, दोन खोल्यांत राहणारी मुले तेच करत असतात.

मग करावे का?

करावे, पण अर्ध्यावरून सुरुवात करावी. पहिल्या वर्षी वाफा, सायफन, गिट्टी काहीच नको. ५०० लिटरची अर्धी गाडलेली टाकी, दहा-बारा मागूर, एक हवेचा पंप, आणि शेजारी मातीतली परसबाग. दर आठवड्याला टाकीतले पन्नास-साठ लिटर पाणी बादलीने काढून भाजीला घालायचे आणि तितकेच नवे पाणी भरायचे. माती स्वतःच गाळणी आहे, तिच्यात जिवाणू आधीपासून आहेत, लोह आणि पालाशही आहे. पंप बंद पडला तरी भाजी मरत नाही. याला ॲक्वापोनिक्स म्हणायला जाणकार तयार होणार नाहीत, पण नवख्याला लागणारे सगळे शिक्षण यात मिळते: खाद्य किती, पाणी कसे दिसते, मासा कधी वर येऊन धापा टाकतो, उन्हाळ्यात काय होते. एक उन्हाळा आणि एक पावसाळा मासे जगवले, तरच दुसऱ्या वर्षी गिट्टीचा वाफा जोडावा.

त्याआधी एक काम फुकट होण्यासारखे आहे. जवळच्या तलावावर पहाटे जाळे ओढणाऱ्या धिवर मंडळींबरोबर एक दिवस घालवा. पाण्याचा रंग कोणता म्हणजे बरे, पाण्याला वास कसा आला म्हणजे बिघडले, कोणत्या वनस्पतीखाली कोणता मासा लपतो, हे त्यांना संच न वापरता कळते. ते विचारून घ्या आणि मग टाकी आणा.